डिकन्स आणि बेवारशी कुत्री

कर्जखात्यांत नोकरी काढलेल्या मला चार्ल्स डिकन्स जवळचा वाटतो तो वडिलांच्या कर्जापायी. १८२४ मध्ये ते तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवू लागला. टाकून दिल्याची सल जन्मभर राहिली.

लंडनमध्ये मेरी टील्बीबाईंनी १८६० मध्ये बेवारशी कुत्र्यांसाठी आसरा काढला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. १८६२ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकाने मात्र उंची कुत्र्यांच्या प्रदर्शनाशेजारी हा आसरा ठेवून दाखवला, आणि लेखाचं मन आसऱ्याकडे झुकलेलं होतं. (त्याचे स्वतःचे टिंबर, सुलतान भेट मिळालेले, हेही खरं!) १८७० मध्ये डिकन्स गेला, पुढच्याच वर्षी आसरा बॅटरसीला हलला. तिथून लोक आजही कुत्री घरी नेतात.

माझ्या नातवाला दुकानातलंच पिल्लू हवंय. आधी आसरा पाहू, एवढं मी कबूल करून घेतलंय.