स्वाध्यायाचे फळ : लोकमान्य टिळकांचे नित्य वाचन

गुरुकुलातील अध्ययन संपवून गृहस्थाश्रमात प्रवेश करणाऱ्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य अखेरचा उपदेश करतात. सत्य व धर्म यांच्या जोडीने स्वाध्यायाचाही कंटाळा करू नये, असे ते त्यास बजावून सांगतात. शिक्षण पुरे झाले म्हणजे वाचन संपले, असे आपल्या पूर्वजांनी कधीच मानले नाही. भगवंतांनीही गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वाध्यायाच्या अभ्यासाची गणना वाणीच्या तपात केली आहे. तप म्हटले की त्यात नियम आला, सातत्य आले आणि फळाची घाई न करणे हेही आले. हे तप एका गृहस्थाने आयुष्यभर कसे आचरले व संकटकाळी त्याचे कोणते फळ त्यास मिळाले, हे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्या चरित्रात स्पष्ट दिसून येते.

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृतचे चांगले जाणकार होते. त्यांनी मुलाकडून बालपणीच संस्कृत श्लोक पाठ करवून घेतले. बाळ दहा वर्षांचे असताना हे कुटुंब पुण्यास आले व लवकरच मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे १८७२ साली गंगाधरपंत अंथरुणास खिळले. त्या शेवटच्या दुखण्यात गीतेवरील भाषाविवृति नावाची प्राकृत टीका वडिलांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. त्या वयात गीतेचा भावार्थ पुरता कळणे शक्य नव्हते, हे लोकमान्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. परंतु आजारी पित्याच्या उशाशी बसून केलेल्या त्या वाचनाचा संस्कार मनावर कायम राहिला आणि गीतेची गोडी लागली ती सुटली नाही.

त्यानंतर कॉलेजचे शिक्षण झाले, कायद्याची पदवी झाली, शाळा व कॉलेज काढण्याचा उद्योग झाला आणि १८८१ पासून ‘केसरी’चे कार्य सुरू झाले. संसार होता, सभा होत्या, खटले होते. वाचनास सवड नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणास असेलच, तर तो त्यांना होता. तरीही गीतेचे वाचन सुटले नाही. संस्कृत टीका झाल्या, मराठी टीका झाल्या, इंग्रजी पंडितांचे लेखनही वाचून झाले. त्यातून एक शंका मात्र फिटेना. स्वजनांशी लढण्यास कचरणाऱ्या अर्जुनाला युद्धास प्रवृत्त करण्यासाठी सांगितलेल्या गीतेत, ब्रह्मज्ञानाने किंवा भक्तीने मोक्ष कसा मिळवावा एवढेच विवेचन कसे असेल? अखेर त्यांनी सर्व टीका बाजूस ठेवल्या व मूळ गीतेचीच स्वतंत्रपणे अनेक पारायणे केली. गीतेचा मुख्य उपदेश कर्मयोगाचा आहे, हा त्यांचा निश्चय या पारायणांतून झाला.

लक्षपूर्वक वाचनाचे आणखी एक उदाहरण त्यांच्याच चरित्रात आहे. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना महिन्यांत मार्गशीर्ष आपण आहो असे म्हणतात. हजारो वाचक हे वाक्य रोज वाचून पुढे जातात. लोकमान्य तेथे थांबले. मार्गशीर्षालाच हा मान का, या प्रश्नाचा माग काढीत ते वेदकालीन नक्षत्रगणनेपर्यंत पोहोचले आणि त्यातून वेदांच्या प्राचीनत्वाविषयीचा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला.

आता कसोटीचा काळ आला. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांचे वय बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाचे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात झाली. लाकडी कोठडी, उन्हाळ्याचा विलक्षण ताप, जडलेला मधुमेह, घरच्यांशी संबंध मुख्यतः पत्रांतूनच. वृत्तपत्र गेले, सभा गेल्या, मित्र गेले. ज्याच्या जीवनाला केवळ बाहेरच्या उद्योगाचाच आधार असेल, तो अशा ठिकाणी खचून जावयाचा. लोकमान्यांजवळ मात्र नित्य वाचनाची जन्मभराची सवय होती. घरच्या पत्रांत ते हव्या असलेल्या पुस्तकांच्या याद्या पाठवीत. सुटकेच्या वेळी हा संग्रह सुमारे चारशे ग्रंथांपर्यंत गेला होता. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यांनी जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. एका बाजूस उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व महाभारत आणि दुसऱ्या बाजूस कांट, ग्रीन, मिल्ल, स्पेन्सर यांचे नीतिशास्त्र, असे त्यांचे तौलनिक वाचन चालले होते.

याच कोठडीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. सुट्या कागदांवर लिहिण्यास मनाई होती. पाने मोजून त्यांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. शाईही मिळत नसे, टोक केलेल्या पेन्सिली तेवढ्या मिळत. मध्यंतरी एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवावीत असा हुकूम निघाला व तक्रार केल्यावर तो मागे घेण्यात आला. अशा स्थितीत २ नोव्हेंबर १९१० रोजी आरंभिलेला हा प्रचंड ग्रंथ ३० मार्च १९११ रोजी, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, लिहून झाला. लोकांना पाच महिन्यांचे आश्चर्य वाटते. परंतु वडिलांच्या उशाशी झालेल्या पहिल्या वाचनापासून या लेखनापर्यंत अडतीस वर्षे लोटली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते आश्चर्य उरत नाही.

पुढील वर्षी, जून १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. अखेरची भेटही झाली नाही. हा आघात त्यांनी दूर तुरुंगात एकट्यानेच सोसला व पुन्हा आपल्या अभ्यासाकडे वळले. जून १९१४ मध्ये सुटका झाली, तेव्हा ‘गीतारहस्या’च्या वह्या सरकारने काही काळ आपल्याकडे ठेवून घेतल्या. स्नेह्यांना मोठी चिंता वाटू लागली. लोकमान्य मात्र निश्चिंत होते. वह्या परत न आल्या तर सबंध ग्रंथ आपण आठवणीने पुन्हा लिहून काढू, असा त्यांना विश्वास होता, असे चरित्रकार सांगतात. पुढे वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. माधवराव सप्रे यांनी त्याचे हिंदी भाषांतर केले व तो महाराष्ट्राबाहेरील घरांतही पोहोचला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्यांचा देहान्त झाला.

आज दिल्लीत सर्वोच्च न्यायालयालगतच्या रस्त्यास टिळक मार्ग हे नाव आहे. याच राजधानीच्या दक्षिण भागात आर. के. पुरम ही सरकारी नोकरवर्गाची मोठी वसाहत आहे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे राहतात व त्यांत मराठी कुटुंबेही असतात. बदलीच्या नोकरीत क्वार्टर बदलते, शेजार तुटतो, मुलांची शाळा व भाषा बदलते, आणि सेवानिवृत्तीनंतर सरकारी घर सोडावेच लागते. अशा गृहस्थाने बरोबर काय न्यावे? रोजच्या वाचनाने जे अंगी मुरले असेल, ते कोणत्याही गावी त्याच्याबरोबर जाते.

यासाठी मंडालेचा एकांत लागत नाही. कचेरीस जाण्यापूर्वी किंवा रात्रीच्या भोजनानंतर अर्धा घटका ठरवून घ्यावी व थोडीच का होईनात, पण नेमाने पाने वाचावीत. एक ग्रंथ पुरा होईपर्यंत दुसरा धरू नये. शंका आली तर ती वहीत टिपून ठेवावी. टीका अवश्य वाचाव्यात, परंतु मूळ ग्रंथाकडे पुनःपुन्हा यावे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर मुलांनी त्यास मोठ्याने वाचून दाखवावे. त्यायोगे वृद्धांना समाधान लाभते आणि मुलांच्या मनात बीज पडते. ते बीज केव्हा व कोणत्या रूपाने फळास येईल याची चिंता वाचकाने करू नये. नेम चुकू न देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे प्रत्येक गृहस्थाला शक्य आहे.