लिओं फुको: रक्ताला घाबरणारा शास्त्रज्ञ आणि तुमचा एमआरआय

लिओं फुको यांचा जन्म १८१९ मध्ये पॅरिसमध्ये झाला. ते डॉक्टर होणार होते, पण रक्त पाहवत नसल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले व ते भौतिकशास्त्राकडे वळले. १८५१ मध्ये त्यांनी लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना दाखवले. १८५५ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवताना त्यांना आढळले, की तिला जास्त जोर लागतो आणि ती तापते. धातूत उठणाऱ्या या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहांना आज ‘एडी करंट’ म्हणतात. १८६८ मध्ये, अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुमच्या मेंदूचा डिफ्युजन एमआरआय करताना चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते. त्यामुळे मशीनच्या धातूच्या भागांत हेच प्रवाह उठतात आणि प्रतिमा किंचित ताणली जाते किंवा तिरकी होते. संगणक अशा प्रतिमा डिफ्युजनशिवाय घेतलेल्या प्रतिमेशी जुळवून सरळ करतो. तुम्ही डोके स्थिर ठेवलेत तर हे काम सोपे होते. रिपोर्टमध्ये ‘इमेज डिस्टॉर्शन’ असे लिहिले असेल तर घाबरू नका. तो दोष चित्रातला आहे, मेंदूतला नाही. शंका असल्यास तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.