खुद्रीला जगाच्या नकाशावर नेणारा कर्नल

शरद ऋतू लागला की सह्याद्रीतील नद्यांचे रूप पालटते. गढूळ लोंढे ओसरतात, पाणी निवळते आणि डोहांच्या तळाचे गोटे दिसू लागतात. ठाणे जिल्ह्यातील डोळखांबच्या परिसरात, शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर, मृगाच्या सरींबरोबर चढणीचे मासे धरण्याची जुनी रीत आहे. गळ टाकून बसणाऱ्याचे दिवस मात्र पाणी निवळल्यावर येतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड ओढ्यांत पिसांची कृत्रिम माशी गळाला बांधून ट्राउट पकडणारे साहेब हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनाही हाच ऋतू मानवला. ट्राउट येथे नव्हता. सह्याद्रीच्या उबदार पाण्यात तो जगणेही शक्य नव्हते. त्याची जागा घेतली ती मोठ्या खवल्यांच्या, वेगवान प्रवाहाला छाती भिडवणाऱ्या महाशीरने. दख्खनच्या या महाशीरला शास्त्रात नाव दिले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी.

साइक्स यांचा जन्म १७९० चा, यॉर्कशायरमधील एका घराण्यातला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अधिकारी झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते होते. पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला हा माणूस पुढे त्याच मुलखाचा सर्वांत चिकाटीचा अभ्यासक व्हावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग. १८२० पासून चार वर्षे युरोपात घालवून ते परतले, तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तनिवेदक नेमले. काम होते नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची मोजदाद करण्याचे. सरकारला सारा ठरवण्यासाठी आकडे हवे होते. साइक्स यांनी लोकसंख्या, जमीन, पिके आणि हवामान तर नोंदवलेच. शिवाय पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवहीत आणले.

१८२९ च्या अखेरीस सरकारने हे पदच रद्द केले. दुसरा एखादा अधिकारी पलटणीत परतला असता. साइक्स यांनी लष्करी कामातून रजा घेतली आणि अहवाल पुरा करूनच १८३१ मध्ये मायदेशाची वाट धरली.

याच भटकंतीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्यांना ते प्रसिद्ध दृश्य दिसले. हजारो फूट तुटलेल्या त्या कड्याखाली मुरबाडचे खोरे पसरले आहे आणि त्यापलीकडे पश्चिमेला शहापूर-डोळखांबचा मुलूख. खालून कोकणातले धुके कड्याच्या ओठापर्यंत चढले होते, पाठीशी सूर्य अगदी खाली होता. धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटले आणि त्याच्या मधोमध साइक्स, त्यांचा घोडा आणि सोबतची माणसे यांच्या सावल्या. त्या आपल्याच सावल्या आहेत यावर बरोबरच्या माणसांचा विश्वास बसेना. त्यांनी हातपाय हलवून खात्री करून घेतली. साइक्स यांनी वर्तुळाचा व्यास अंदाजला आणि टिपण केले. आज गिर्यारोहक ज्याला इंद्रवज्र म्हणतात, ते हेच. ते १८३५ मध्ये दिसल्याचे सर्रास सांगितले जाते. मात्र ते साल लंडनच्या रॉयल सोसायटीत दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाल्याचे आहे. त्याच्या चार वर्षे आधीच त्यांनी हिंदुस्थान सोडला होता.

माशांवरचा त्यांचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आला. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतील मासे त्यात होते आणि त्यांतील बहुतेक शास्त्राला नवे होते. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरला त्यांनी खुद्री म्हटले. शिंगटी, कोलूस, नुक्ता, मळ्या या माशांच्या शास्त्रीय नावांतही असेच मराठी शब्द आहेत. त्या काळी नव्या जीवाला लॅटिन अथवा ग्रीक नाव देण्याची किंवा एखाद्या मित्राचे, वरिष्ठाचे नाव चिकटवण्याची प्रथा होती. साइक्स यांनीही काही माशांना इंग्रज विद्वानांची नावे दिली. मात्र अनेक ठिकाणी नदीकाठच्या माणसांच्या तोंडचा शब्दच त्यांनी कायम ठेवला. इंग्रजी कानाने तो थोडा वाकडा ऐकला खरा, पण पुसला नाही. ज्यांनी जाळ्यातून मासा काढून त्याचे नाव सांगितले, त्यांची स्वतःची नावे मात्र कुठेच उरली नाहीत. त्यांच्या ज्ञानाची साक्ष आज केवळ ही शास्त्रीय नावेच देतात.

विलायतेत साइक्स यांची दुसरी कारकीर्द घडली. १८३४ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. पुढे तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे संसद सदस्य होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवरचे गाजलेले पुस्तक निघाले आणि महाशीरचा लौकिक शिकारी मंडळींत पसरला.

खुद्रीचे पुढचे चरित्र तितके सुखाचे नाही. पावसाळ्यात वरच्या अंगाला चढून अंडी घालणाऱ्या या माशाच्या वाटेत धरणे आली, सांडपाणी आले, सुरुंग आणि विष घालून मासे मारण्याचा प्रकार आला. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीरला अभय मिळाले, तसे सर्वत्र मिळाले नाही. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महाशीरची कृत्रिम पैदास सुरू केली आणि लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात सोडली गेली. काही काळ संकटग्रस्त ठरलेली खुद्री पुढे त्या यादीतून बाहेर आली. मात्र कावेरीत सोडलेल्या याच खुद्रीने तेथील कुबडाच्या महाशीरपुढे नवे संकट उभे केले. त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित व्हायला २०१८ साल उजाडले, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता.

कोणत्या नदीत कोणता मासा मूळचा, हे ठाऊक नसताना केलेले उपकारही असे अंगाशी येतात. साइक्स यांनी मासा मोजला, त्याचे चित्र काढवून घेतले आणि तो कोणत्या नदीत, कोठे मिळाला तेही लिहून ठेवले. मुळा-मुठेत पूर्वी कोण नांदत होते हे आज सांगता येते, ते या नोंदीमुळे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील काळू आणि भातसाच्या खोऱ्यांना असा नोंदकार त्या काळी लाभला नाही. तेथील डोहांची माहिती अजून पाड्यांवरच्या वृद्धांच्या स्मरणात आहे. ती कागदावर उतरवण्याचे काम बाकी आहे.