पानाआडचे जग पाहणारे रेओमूर

तापमापनाच्या इतिहासात सेल्सियस आणि फॅरनहाइट यांच्यासोबत घेतले जाणारे तिसरे नाव म्हणजे रेने आंत्वान फेर्शो द रेओमूर. पाणी गोठण्याचा बिंदू शून्य आणि उकळण्याचा बिंदू ८० अंश मानणारा त्यांचा मापक्रम युरोपात दीर्घकाळ रूढ होता. मात्र या फ्रेंच शास्त्रज्ञाचे खरे प्रेम जडले होते ते कीटकांवर.

२८ फेब्रुवारी १६८३ रोजी ला रोशेल येथे त्यांचा जन्म झाला. १७०३ मध्ये ते पॅरिसला आले आणि गणितातील प्रावीण्याच्या बळावर १७०८ मध्ये विज्ञान अकादमीत दाखल झाले. पोलादनिर्मितीवरील त्यांचा ग्रंथ १७२२ मध्ये गाजला. गांधीलमाशी लाकडाच्या लगद्यापासून घरटे बांधते, हे पाहून लाकडापासून कागद तयार करता येईल, असे त्यांनी १७१९ मध्येच सुचविले होते.

१७३४ ते १७४२ या काळात त्यांनी कीटकांच्या जीवनक्रमावर सहा खंड प्रसिद्ध केले. पानाच्या दोन पापुद्र्यांमधील गर खाऊन आतल्या आत वाट काढणाऱ्या अळ्यांचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. आपल्याकडे टोमॅटो किंवा लिंबावर अशी नागमोडी रेघ ओढणाऱ्या अळीला शेतकरी नागअळी म्हणतात. टोमॅटोवरील नागअळी माशीची, तर लिंबावरील पतंगाची असते. काही भुंगेरे आणि करवत माश्या यांच्या अळ्याही हाच मार्ग पत्करतात.

करवत माशीची मादी करवतीसारख्या अवयवाने पानाला चीर पाडून त्यात अंडे घालते. तिची उघड्यावर चरणारी अळी सुरवंटासारखीच दिसते. तथापि सुरवंटाला जास्तीत जास्त १६ पाय असतात, हिला त्याहून अधिक. रेओमूर यांनी हा भेद ओळखून अशा अळ्यांना खोटे सुरवंट ठरविले. पान पोखरणाऱ्या जातींत मात्र ही खूण पुसट होते. अरुंद जागेत राहिल्याने अळीचे शरीर चपटे आणि पाय आखूड झालेले असतात. पानावर नागमोडी रेघेऐवजी फुगीर डाग दिसतो. पूर्ण वाढ झालेली बहुतेक जातींची अळी जमिनीत शिरून कोश करते. हेटेरार्थ्रस प्रजातीतील अळी पानातच चकतीसारखा कोश विणते. युरोपातील भूर्जवृक्षावरील फेनुसा प्युमिला ही जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेत पोहोचली आणि तेथे उपद्रवी ठरली.

रेओमूर यांचा भर नावांपेक्षा सवयींवर होता. कीटक काय खातो, कोठे राहतो, कसा बदलतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटे. १७ ऑक्टोबर १७५७ रोजी, घोड्यावरून पडल्यानंतर, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी लिनियस यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली आणि प्राण्यांचे शास्त्रीय नामकरण तेथपासून ग्राह्य धरले गेले. करवत माश्यांना लिनियस यांनी टेन्थ्रेडो या प्रजातीत स्थान दिले. संदर्भासाठी मात्र ते वारंवार रेओमूर यांच्या चित्रांचा आधार घेत. त्यामुळे एवढी निरीक्षणे करूनही रेओमूर यांचे नाव जातींच्या नामकर्त्यांत आढळत नाही.

मुंग्यांवरील त्यांचे हस्तलिखित तर १९२६ मध्ये छापले गेले. आज पान पोखरणाऱ्या करवत माश्यांची जात ठरविताना अभ्यासक वनस्पती, डागाचा आकार आणि अळीचे वर्तन पाहतात. नाव लिनियस यांच्या पद्धतीचे, ओळख मात्र रेओमूर यांच्या दृष्टीची, असेच म्हणावे लागेल.