डॉ. कोटणीसांचे रुग्णालय

वडोदऱ्यास अलेंबिक या औषध कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या इमारतींत आता चित्रकारांच्या कार्यशाळा आहेत. जेथे औषधे होत, तेथे आता कला नांदते. ओस पडलेल्या वास्तूंचे काय करावे, हा प्रश्न हल्ली प्रत्येक शहरापुढे आहे, आणि तेथे दवाखाना काढा असे सुचविणारेही पुष्कळ भेटतात. पण मोकळ्या वास्तूचा दवाखाना नेमका होतो कशाने? याचे उत्तर मला एका सोलापूरकराच्या चरित्रात सापडले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालू असतानाच १९३८ साल उजाडले. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली होती. सुभाषचंद्र बोस त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकवर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस. बोटीत पाऊल ठेवले तेव्हा कोटणीसांचे वय अवघे सत्तावीस होते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी कोणत्याही उपक्रमाचे भांडवल आधी विचारतो. येथे भांडवल म्हणजे थोडी वर्गणी, एक रुग्णवाहिका आणि पाच माणसे!

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. विमानांच्या बाँबवर्षावाने शहर उद्ध्वस्त झाले होते. पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतून माणसे राहत, आणि रुग्णालयही गुहांतच होते. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा आणि वरून बाँब पडला तरी डोंगराचे छत! ज्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे प्रशस्त कक्ष पाहिले होते, ते कोटणीस या गुहांत शस्त्रक्रिया करू लागले. याच काळात सोलापुरात वडील निवर्तल्याची वार्ता आली. ते परतले नाहीत.

पुढे ते आघाडीवरील डोंगराळ मुलखात गेले. तेथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी १९३८ मध्ये एका देवळात आदर्श रुग्णालय उभारले होते. काही आठवड्यांतच जपानी फौजांनी ते नष्ट केले. त्यातून धडा मिळाला की एकाच ठिकाणची चांगली इमारत म्हणजे शत्रूला दाखविलेले लक्ष्यच. मग रुग्णालय गावोगावच्या शेतकऱ्यांच्या घरांत विखुरले. जखमी घरोघर ठेवायचे, शत्रू जवळ आला की गाठोडी बांधून पुढच्या गावी जायचे. बेथून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले जाऊन रक्तात विष भिनले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले.

ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. मराठी, कन्नड व तेलुगू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सोलापुरात वाढलेल्या माणसाला परकी भाषा फार परकी वाटली नसावी, असे आपले मला वाटते. रुग्णालय त्या डोंगरांत टिकले, त्याचे मोठे कारण मला हे शिकविणेच वाटते. घर सोडावे लागले तरी शिकलेला विद्यार्थी बरोबर येई. १९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचर्या शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढल्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

परंतु शरीर थकत चालले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांतीसाठी मागे जाण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. येथे मन थोडे अडखळते. दुसऱ्यांना सक्तीने अंथरुणावर निजविणाऱ्या वैद्याने स्वतःला मात्र ती सवलत दिली नाही, हे थोर खरे, पण तान्हे मूल आणि पत्नी यांच्या वाट्याला काय आले? ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांचा अंत झाला. शस्त्रक्रियेवरील त्यांचे चिनी पुस्तक अपुरेच राहिले.

शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आज त्यांची समाधी आहे. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे.