आगबोट, छापखाना आणि धम्म : अनागारिक धर्मपाल यांचे जीवन

धम्म आणि यंत्रयुग यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न संगणक व मोबाईल यांच्यासोबत आला असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो शंभरहून अधिक वर्षे जुना आहे, आणि ज्यांनी तो प्रथम हाती घेतला त्यांत अनागारिक धर्मपाल यांचे नाव अग्रभागी येते. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले आहे.

17 सप्टेंबर 1864 रोजी कोलंबोतील एका सधन फर्निचर व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितारणे. घर बौद्ध, पण शाळा मिशनऱ्यांच्या. इंग्रज अमलाखालील सिलोनमध्ये शिकायचे तर दुसरा मार्ग फारसा नव्हता. 1880 मध्ये कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लॅव्हॅट्स्की लंकेत आले आणि या किशोरवयीन मुलाच्या आयुष्याला वळण लागले. पुढे शिक्षण खात्यातील कारकुनी सोडून ते ऑल्कॉट यांचे दुभाषी झाले. 1886 मध्ये ऑल्कॉट यांनी बनवून घेतलेल्या दुमजली बैलगाडीतून दोघांनी लंकेची खेडी पालथी घातली. गाडीतच निवास, गाडीतच पुस्तके. आरंभ बैलगाडीने झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

1889 मध्ये ते आगबोटीने जपानला गेले. संधिवाताने त्यांना क्योटोच्या रुग्णालयात खिळवून ठेवले, तरीही जपानचे रूप त्यांच्या मनावर कायमचे ठसले. बौद्ध परंपरा जपणारा एक आशियाई देश रेल्वे, तारायंत्रे आणि कारखाने स्वतःच्या हाताने उभारत होता. धम्म जपायचा असेल तर हातात कसब हवे, ही त्यांची खूणगाठ तेथेच पक्की झाली असावी, असे आम्हांस वाटते.

जानेवारी 1891 मध्ये ते बुद्धगयेस पोहोचले. एडविन अर्नॉल्ड यांनी इंग्रजी वृत्तपत्रात त्या पवित्र स्थळाच्या दुरवस्थेविषयी लिहिले होते, ते धर्मपालांनी वाचले होते. महाविहार एका शैव महंताच्या ताब्यात होता. बोधिवृक्षापुढे नतमस्तक होऊन त्यांनी तेथेच राहण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी 31 मे रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटीची स्थापना झाली आणि 1892 पासून तिचे इंग्रजी मासिक निघू लागले. एका निर्धन संस्थेचे हे मासिक टपालाने आशिया, युरोप व अमेरिकेत जाई. विखुरलेल्या बौद्धांना परस्परांची वार्ता कळू लागली ती अशा छापील कागदांमुळे.

1893 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते थेरवादी बौद्धांच्या वतीने बोलले. परंतु आमच्या मते त्या प्रवासातील सर्वांत फलदायी घटना परतीच्या वाटेवर घडली. त्यांची बोट होनोलुलूला थांबली असता मेरी फॉस्टर नावाच्या एक श्रीमंत बाई त्यांना भेटण्यासाठी बोटीवर आल्या. क्रोध आवरत नाही, हे त्यांचे दुःख होते. धर्मपालांनी त्यांना क्रोधावर ताबा मिळविण्याचा उपाय सांगितला. भेट थोड्या वेळाची. पण त्या बाईंनी पुढे आयुष्यभर जे दान दिले, त्यावर कोलकात्याचा धर्मराजिक विहार, सारनाथचे कार्य आणि लंकेतील अनेक संस्था उभ्या राहिल्या. प्रशांत महासागरातील एका बंदरात सांगितलेला साधा उपदेश वाराणसीच्या सीमेवर दगडी विहार होऊन उभा राहतो, हे आगबोटीच्या काळातच संभवत होते.

1902 ते 1904 च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी उद्योगशिक्षणाच्या संस्था पाहिल्या. कृष्णवर्णीयांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारलेली टस्कीगीची शाळा त्यांत होती. सारनाथला त्यांनी औद्योगिक शाळेचा प्रयत्न केला. कोलंबोजवळ राजगिरीय येथे हेवावितारणे कुटुंबाच्या साहाय्याने विणकामाची शाळा चालली आणि कसब शिकण्यासाठी तरुण जपानला धाडले गेले. वसतिगृहात मुले वाढविणाऱ्या आम्हां मंडळींना हा भाग विशेष जवळचा वाटतो. गरिबाच्या मुलास त्रिशरण-पंचशीलाबरोबर माग चालविता आला पाहिजे, या आग्रहात धर्मोपदेशकापेक्षा पालकाची काळजी अधिक दिसते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. 1906 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'सिंहल बौद्धया' या वृत्तपत्राने सिंहली जनतेला स्वाभिमान दिला. त्याच काळात त्यांच्या लेखणीतून मुस्लिम व्यापाऱ्यांविषयी आणि इतर समाजांविषयी अत्यंत कटू शब्दही बाहेर पडले. 1915 मध्ये लंकेत सिंहली-मुस्लिम दंगली उसळल्या. सरकारने लष्करी कायदा पुकारला. धर्मपाल भारतात होते, त्यांना कोलकात्यात वर्षानुवर्षे स्थानबद्ध ठेवले गेले. त्यांचे बंधू एडमंड जाफनाच्या तुरुंगात मरण पावले. शासनाची शिक्षा अन्यायाची होती यात शंका नाही. परंतु बोटीवर एका दुःखी बाईला क्रोध आवरण्याचा मार्ग दाखविणाऱ्या माणसाने छापखान्याच्या यंत्रावर स्वतःचा क्रोध आवरला नाही, हेही तितकेच खरे आहे. मैत्रीचा उपदेश आणि द्वेषाचा शब्द त्या यंत्रातून सारख्याच वेगाने छापून निघतात. आज एका बोटाच्या स्पर्शाने निरोप पुढे पाठविणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी या चरित्रातील हे पान वगळू नये.

अखेरची वर्षे सारनाथला गेली. 1931 च्या नोव्हेंबरमध्ये मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी त्यांनी प्रव्रज्या घेतली होती. 1933 च्या जानेवारीत उपसंपदा झाली आणि 29 एप्रिल 1933 रोजी सारनाथलाच त्यांचे निधन झाले. बुद्धगयेच्या व्यवस्थापनात बौद्धांना कायद्याने स्थान मिळाले ते 1949 मध्ये, आणि तेही निम्मेच. त्यांचे मासिक चालू राहिले. 1950 च्या वैशाखात त्याच मासिकाच्या अंकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्यावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर सहा वर्षांनी नागपूरची दीक्षाभूमी घडली.