हाताला काम, पगाराला कात्री : वि. स. पागे यांचे जीवन

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत मामांच्या पगाराची चिठ्ठी माझ्या हाती पडली. मामा साताऱ्यात एका कारखान्यात नोकरीस आहेत. चिठ्ठीत इतर कपातींबरोबर व्यवसाय कर म्हणून २०० रुपये वजा केलेले होते. हा कर कशाचा, असे मी विचारले. मामा त्रासून म्हणाले की, इतकी वर्षे कापतात, पण का कापतात ते कुणी सांगितलेले नाही. शेजारी आजी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या मनगटाजवळ एक जुना व्रण आहे. खडी फोडताना दगडाची कपची उडून लागली होती. मामांच्या चिठ्ठीतील ती ओळ आणि आजीच्या हातावरचा तो व्रण यांचे नाते एका माणसाने जोडले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी त्यांचे नाव घेतले आणि मी ग्रंथालयाची वाट धरली.

ते नाव विठ्ठल सखाराम पागे. जन्म १९१० चा. तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या काळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पागे यांचे शिक्षण वकिलीचे, मनाची ओढ संतसाहित्याकडे आणि श्रद्धा गांधीविचारावर. स्वातंत्र्यचळवळीत ते होते. पुढे काँग्रेसच्या वतीने ते विधान परिषदेवर गेले आणि १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, परिषदेचे सभापती होते.

सभापतीचे काम इतरांची भाषणे ऐकण्याचे. परंतु पागे यांचे चित्त सभागृहात जितके होते, तितकेच गावच्या पारावर रिकाम्या बसलेल्या माणसांत होते. आपल्याकडे पेरणी-काढणी संपली की भूमिहीन मजुराला काम नसते. त्याला भीक नको असते, मोबदला हवा असतो, आणि गावात करण्याजोगी कामे तर पुष्कळ पडलेली असतात. मग दोहोंची गाठ का घालू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी विसापूरच्या मजुरांचा हिशेब मांडून मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना योजना लिहून पाठवली, अशी आठवण सांगितली जाते. १९६५ च्या सुमारास तासगाव भागात तिचा प्रयोग झाला.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळी आजी सतरा वर्षांची होती. माण तालुक्यातील तिच्या गावी विहिरी कोरड्या पडल्या, जनावरे विकली गेली, आणि सारे घर दुष्काळी कामावर गेले. मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस निघाले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. इतक्या लोकांना काम देता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. पागे यांच्या योजनेला मग कुणी स्वप्नरंजन म्हणू शकले नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १८ वर्षांवरील ग्रामीण माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते पंधरा दिवसांत द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. काम हा उपकार न राहता हक्क झाला.

पण पैसा कुठून आणायचा? येथेच मामांची चिठ्ठी येते. १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. शिवाय मोटारींवर, विक्रीवर, बागायती जमिनीवर जादा आकारणी आली, आणि जितका कर जमेल तितकीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. ज्याला कायमचा पगार आहे त्याने, ज्याला आजची चूल पेटवायची आहे त्याच्यासाठी थोडे द्यावे, असा हा विचार होता.

या विचारावर टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. कर गरीब कारकुनालाही लागतो, अशी पगारदारांची कुरकुर होती. शेतमजुरांच्या कार्यकर्त्यांचा आक्षेप याहून खोल होता. मजूर तलाव खोदतो, पण पाणी ज्याची जमीन त्यालाच मिळते, असे ते म्हणत. १९९० साली फळबागा या योजनेला जोडल्या गेल्या. आमच्या दुष्काळी भागात त्यामुळे डाळिंब-बोरीच्या बागा उभ्या राहिल्या हे खरे, पण बाग लावायला आधी रान लागते. मजुरीही फार वर्षे तुटपुंजी होती. या कामासाठी गोळा केलेला कर पूर्ण खर्चच होत नाही, हा आरोप तर वर्षानुवर्षे होत राहिला.

आजीचा अनुभवही टीकाकारांच्या बाजूचा आहे. लग्नानंतर ती पाझर तलावाच्या कामावर जाई. हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावे असत आणि असलेल्यांची मजुरी महिना महिना येत नसे. तरीही योजना बंद व्हायला हवी होती का, असे मी विचारले, तर ती माझ्यावर रागावलीच. त्या पैशावर तिने आईला सातवीपर्यंत शाळेत ठेवले. बाईच्या हातात बाईच्या नावाचा पैसा तिने पहिल्यांदा तिथेच पाहिला.

माझी स्वतःची टीका वेगळी आहे. पागे यांच्या हमीत टिकाव-घमेल्याला जागा होती, वही-पेनाला नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. दोन वर्षांनी पदवी हाती येईल तेव्हा मी बेकार ठरलो, तर मला खडी फोडण्याचा हक्क असेल, शिकलेल्या कामाचा नसेल. आजी ज्या कामातून सुटावी म्हणून घर राबले, तेच काम तेवढे हमीचे राहावे, ही गोष्ट मनाला बोचते.

तरी हा दोष एकट्या पागे यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्यांनी एका टोकाची बेकारी पाहिली आणि तिच्यासाठी पैशासकट कायदा उभा केला. नुसती घोषणा करणारे पुष्कळ असतात. खर्च कोण सोसणार हे पगारदारांच्या तोंडावर सांगणारा विरळा. १९९० साली त्यांचे निधन झाले. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्यापुढे होता. त्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. पागे यांच्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

सुट्टीत मी मामांना हे सारे सांगितले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा उघडली, ती ओळ पाहिली आणि एवढेच विचारले की, हे पैसे आजही कुणाच्या हाताला काम देतात का? उत्तर मी देऊ शकलो नाही. पण मित्रहो, हा प्रश्न कर भरणाऱ्या प्रत्येकाने विचारत राहावा, असे मला वाटते. उद्या माझ्या पगारातून ती ओळ वजा झाली तर मी कुरकुरणार नाही, मात्र हिशेब जरूर मागेन. आजीच्या हातावरच्या व्रणाने मला तेवढा अधिकार दिला आहे.